पोटात राहील ती गोळी

शिंदखेड्यात एखाद्या सुनेला दिवस गेले की बातमी आधी स्टँडवर पोहोचते, मग घरात आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरांकडे. भाजीवालीने मेथीच्या दोन जुड्या पिशवीत जास्तीच्या टाकल्या आणि पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हाच मला अंदाज आला. घरी पोहोचेपर्यंत मी काय खायचं हे गल्लीने ठरवून टाकलं होतं. एकीचं मत बीटाला, दुसरीचं डाळिंबाला. तिसरीने वाद मिटवला, "लाल दिसेल ते खा व, रगत वाढस." या हिशेबाने आमच्या खान्देशात रक्ताची कमतरता असायलाच नको. आमचं अर्धं ताट मिरचीने लाल असतं.

पण कमतरता आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांना रक्तक्षय निघाला. पोटुशीचं हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की या यादीत नाव लागतं, आणि माझं पहिल्याच तपासणीत लागलं. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. अभावजन्य रोगांचा घटक मला मान खाली न घालता शिकवता येतो. रिपोर्ट वाचून आमचे हे एवढंच म्हणाले, "घटक चाचणीत नापास."

पहिले तीन महिने मात्र सुखाचे गेले. तेव्हा फक्त फॉलिक अॅसिडची गोळी होती. एवढीशी, पिवळी, ना चव ना वास. ती मी इतक्या सराईतपणे गिळायचे की स्टाफरूममध्ये इतरांना मार्गदर्शन करण्याइतका आत्मविश्वास आला. मधल्या सुट्टीत मी सगळ्यांना लूसी विल्सची गोष्ट सांगितली. ही इंग्लंडची डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांचं रक्त असं का आटतं, याचा शोध तिने परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसून घेतला. उंदीर झाले, माकडं झाली, आणि शेवटी गुण आला तो मार्माइटने. मार्माइट म्हणजे बीअर गाळून झाल्यावर उरलेल्या यीस्टचा काळा, खारट चिकटा. १९३१मध्ये तिने हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्यात काय होतं ते मात्र पुढे कळलं. १९४१मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी चार टन पालकाची पानं आटवून ते वेगळं काढलं, तेच फॉलिक अॅसिड.

"चार टन?" इतिहासाचे सर जागे झाले. "भाव काय होता तेव्हा?"

ती गोष्ट त्या दिवशी मी अभिमानाने सांगितली. पुढच्या महिन्यांत मला तिचा दुसराच पदर दिसायला लागला. मार्माइट विकणारी कंपनी स्वतःच जाहिरातीत सांगते की हे एकतर आवडतं, नाहीतर मुळीच सोसत नाही. म्हणजे आमच्या गोळीचं घराणंच चवीला बदनाम. परळच्या त्या बायांनी ते चमच्याने चाटताना तोंडं कशी केली असतील, याची नोंद कुठल्या निबंधात असेल असं वाटत नाही. माझ्या तोंडाची नोंद गल्लीने ठेवली.

चौथा महिना लागला आणि आशाताई लाल गोळ्या घेऊन दारात आल्या. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, रोज एक, १८० दिवस. वरून साखरेचं अस्तर असतं. ते जिभेला लागेपर्यंत विरघळतं आणि मग पावसाळ्यात शाळेचं गंजकं फाटक चाटल्यासारखी चव येते. ती चव दुपारपर्यंत राहते. त्यानंतर पोटातून एक लाट वर येते आणि गोळीसकट, तिच्यासोबत खाल्लेल्या दादर ज्वारीच्या भाकरीसकट, परसदारच्या कडुनिंबाला लोह मिळतं. तो कडुनिंब यंदा फार सुंदर पालवला.

इथे सोमवारांबद्दल सांगायला हवं. शाळेत आठवड्यातून एकदा मुलामुलींना लोहाची निळी गोळी द्यायची असते. आमच्याकडे तो वार सोमवार आणि ते काम विज्ञानाच्या बाईंचं. इतकी वर्षं मी हातात पाण्याचा जग घेऊन वर्गात उभी राहून भाषण ठोकत आले होते: चावायची नाही, गिळायची, डबा खाल्ल्यावरच घ्यायची, थोडी मळमळ होते, तिचं कौतुक करायचं नाही. आठवीतली एक मुलगी दर सोमवारी गोळी हातात घेऊन माझ्याकडे केविलवाणं बघायची. तिला मी म्हणत असे, "नाटकं पुरे. एवढीशी गोळी, तिला काय घाबरायचं?" आता माझा सोमवार रोज उजाडायला लागला. आणि एका खऱ्या सोमवारी, निळ्या गोळ्या वाटता वाटताच, सकाळच्या लाल गोळीने वर्दी दिली. जग आठवीच्या मॉनिटरच्या हातात कोंबून मी मैदानाकडे धावले. मागून कुणीतरी गंभीरपणे म्हणालं, "म्याडमले कौतुक नही करनं."

घरी मदतीला दोन पक्ष होते. पहिला सासूबाईंचा. त्या माळकरी, बोलणं अहिराणी आणि धोरण स्पष्ट. "आमना येळले अशा गोया नही व्हत्या," असं म्हणून त्या मला कळण्याची भाकरी, उडदाचं घुटं, गूळ-शेंगदाणे आणि लोखंडी कढईतली आंबट भाजी वाढायच्या. त्यांच्या कढईत विज्ञान होतं, हे मला मान्य करावं लागलं. लोखंडाच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवला की त्यात लोह उतरतंच. पण रोज पहाटे त्याच पुन्हा विचारायच्या, "गोयी लिधी का व?" गोळ्यांवर विश्वास नसलेल्या बाईकडून गोळ्यांची हजेरी इतकी कडक घेतली जाते, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

दुसरा पक्ष आमच्या ह्यांचा. यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. गोळीच्या पाकिटावर 'फेरस सल्फेट' वाचून यांना जो आनंद झाला तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. "अगं, हे तर हिराकस! पीक पिवळं पडलं की आपण फवारायला देतो तेच." मग कपाशीच्या पानांना लाल्या आला की मॅग्नेशियम सल्फेट आणि नवी पानं पिवळी पडली की फेरस सल्फेट, असं सगळं त्यांनी मला ओटीवर बसवून समजावलं. शेवटी म्हणाले, "आजवर एकाही झाडाने मळमळ होते म्हणून तक्रार केलेली नाही."

मी म्हटलं, "झाडाला तुम्ही पानांवर फवारता, तोंडात कोंबत नाही."

यावर ते खरंच विचारात पडले. मला भीती वाटली की आता हे पंप घेऊन येतात.

पण हिशेब त्यांनी चांगला मांडला. नऊ महिन्यांत बाईला जास्तीचं लोह लागतं ते सगळं मिळून साधारण एक ग्रॅम. गोळ्यांतून पोटात जातं ६० गुणिले १८०, म्हणजे जवळपास ११ ग्रॅम. त्यातलं अंगी लागतं अंदाजे दहा टक्के. "युरियाचंही असंच आहे," हे समाधानाने म्हणाले, "बराचसा वाहूनच जातो." उरलेलं लोह कुठे जातं, ते मला दुसऱ्याच दिवशी सकाळी संडासात कळलं आणि मी भिंतीला धरून उभी राहिले. डांबर! विज्ञान शिकवणाऱ्या बाईने, आपल्या पोटात काहीतरी फुटलं असं समजून, तसल्या अवस्थेत नर्सताईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे गोळी घेताय. छान." लोहाने शौचाचा रंग काळा होतो, त्यात भ्यायचं काही नाही, हे त्या तपासणीच्या वेळीच बोलल्या होत्या. तेव्हा मी त्यांना लूसी विल्सबद्दल सांगत होते.

मग मी वेळापत्रक केलं. शिक्षकाला कुठलंही संकट आलं की तो आधी वेळापत्रक करतो. लोह चहासोबत घ्यायचं नाही, चहा त्याला अंगी लागू देत नाही. दुधासोबत नाही. कॅल्शियमच्या गोळीसोबत तर मुळीच नाही, दोघींत निदान दोन तासांचं अंतर हवं, आणि कॅल्शियम दिवसातून दोनदा, जेवणासोबत. लोह रिकाम्या पोटी चांगलं लागू पडतं, पण रिकाम्या पोटी मळमळही तेवढीच. भरल्या पोटी मळमळ कमी, पण लागूही कमी पडतं. हे सगळं कागदावर मांडल्यावर अख्ख्या दिवसात लोहाला एकच तास मोकळा निघाला, दुपारी चार ते पाच. त्याच वेळी स्टाफरूममध्ये चहा येतो. आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे सोयरीक मोडणं. मी आठवडाभर कप हातात घेऊन फुंकत बसायचे आणि कुणाचं लक्ष नसताना तो कुंडीत ओतायचे. शिपाईकाकांना सगळं दिसत होतं. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "म्याडम, मनीप्लांटले साखर चालस का?"

सरकारी गोळीतच काहीतरी खोट आहे, महागाची गोळी पोटात मुकाट्याने बसेल, असं मला एव्हाना ठाम वाटायला लागलं होतं. शाळेतल्या एका मैत्रिणीने दोंडाईच्याच्या मेडिकलमध्ये 'भारीतलं' मिळतं असं सांगितलं. सुरत मार्गावरची पॅसेंजर धरून विखरण ओलांडलं की दोंडाईचा, फार लांब नाही. फक्त दिवस फेब्रुवारीचे होते, आणि दोंडाईच्याला फेब्रुवारीत मिरचीचा हंगाम भरात असतो. मोकळ्या जागांवर लाल मिरची पसरलेली, आणि हवेत असं काही की धडधाकट माणसाचंही नाक वाहायला लागतं. गरोदर बाईला आधीच मांजरीचं नाक. मी पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून धारा, दर दहा पावलांवर शिंका, अशी मेडिकलच्या काउंटरपाशी पोहोचले. दुकानदाराने सहानुभूतीने सर्दीच्या गोळ्या पुढे केल्या.

भारीतल्या गोळ्या मिळाल्या. फेरस अॅस्कॉर्बेट. लोह आणि क जीवनसत्त्वाची जोडी, लोह १०० मिलिग्रॅम, किंमत विचारू नका. घरी आल्यावर कळलं की पोटाला किमतीतला फरक कळत नाही, मिलिग्रॅममधला कळतो. कडुनिंबाला जास्त ताकदीचा डोस मिळाला एवढंच. मग सौम्य म्हणून आणखी एक आणली, तिच्यावर लिहिलेलं 'बिसग्लायसिनेट, चिलेटेड'. 'चिलेटेड' वाचून यांनी पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवायला नेलं. झिंक, फेरस यांची चिलेटेड खतं ते विकतातच. दोन दिवस ते पाकीट काउंटरवर नमुना म्हणून राहिलं. मी तोवर गोळीविना. सगळ्यात चांगले दिवस तेच गेले.

एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या नणंदेने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती एक बरणी पाठवली. गर्भवतींसाठी जीवनसत्त्वांच्या गमी. म्हणजे च्युईंगम नव्हे, लहान मुलं खातात तसल्या मऊ, रंगीत, आंबटगोड वड्या. दोन खायच्या, संपलं. मळमळ नाही, ढेकर नाही, कडुनिंब नाही. तिकडच्या बाया किती सुखी, असं म्हणत मी मोठ्या श्रद्धेने त्या खाल्ल्या. चार-सहा दिवसांनी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. फॉलिक अॅसिड होतं, ड होतं, ब-१२ होतं. लोह नव्हतं. बऱ्याच गमींत ते नसतंच, कारण घातलं तर चव बिघडते. म्हणजे अमेरिकेनेही हा प्रश्न सोडवला नव्हता, तो बरणीतून बाहेर काढून ठेवला होता.

तोवर आमच्या आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, त्या वड्यांची गोडी लागली होती. धुळे जिल्ह्यातला एप्रिल, पारा ४२च्या पुढे. बरणीतल्या सगळ्या वड्या वितळून एक मोठं लाल-पिवळं ढेकूळ झालं. आप्पांनी ते अडकित्त्याने कातरून सुपारीसारखं खायला सुरुवात केली. "गुडघं हलकं वाटस," असं त्यांचं म्हणणं. एक दिवस यांनी घटकांत 'जिलेटिन' वाचलं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतं हे ओघात बोलून गेले. सासूबाईंचा हात तुळशीच्या माळेवर गेला. आप्पा म्हणाले, "पन आते संपनं." ते खरं होतं.

मासळीच्या तेलाच्या कॅप्सूलचं प्रकरण मी थोडक्यात सांगते, कारण घरात त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं आहे. बाळाच्या मेंदूसाठी डीएचए म्हणून ती आणली होती. कॅप्सूल विनातक्रार पोटात गेली. त्या संध्याकाळी ओटीवर हरिपाठ चालू असताना मला ढेकर आला, आणि सात पिढ्यांत ज्या घरात बोंबील शिरला नाही, तिथे सातपाटीचं बंदर उतरलं. शेवाळापासून केलेलं डीएचए मिळतं हे नंतर कळलं. तेव्हा हरिपाठ अर्ध्यावर थांबला आणि सगळ्यांनी आधी आप्पांकडे बघितलं. मी गप्प राहिले.

आता उरलं होतं पातळ औषध. गोळी नको तर लोहाचं सिरप घ्या, असं कुणीही सांगेल, आणि चवीला ते खरंच बरं होतं. माझ्या पोटात ते टिकलं. मी जिंकले होते. आणि सातव्या महिन्यात, मे महिन्याच्या त्या भट्टीत, सासूबाईंनी डोहाळजेवण काढलं.

हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कढी, आणि आमच्याकडे सणावारालाही सुटत नाही ती शेवभाजी. सगळं आटोपायच्या आत म्हणून मी देवघरामागे जाऊन दोन चमचे सिरप घाईघाईने तोंडात घोळवून गिळलं, वर चूळही भरली नाही, कारण फोटोवाला बोलावत होता. पातळ लोह दातांवर काळा थर धरतं. ते नळीने ओढून प्यायचं, नंतर खळखळून चूळ भरायची, दात घासायचे. हे बाटलीसोबतच्या कागदावर होतं. तो कागद मी जपून ठेवला होता, वेळ मिळाला की वाचायला.

झोपाळ्यावर बसून मी प्रसन्नपणे हसले. समोरच्या बायकांचा एकदम आवाज बंद झाला. फोटोवाला कॅमेऱ्यातून डोकं बाहेर काढून परत आत घालत होता. मग माझी एक चुलतसासू पुढे आली, ओटी भरायला वाकली आणि कानात म्हणाली, "दात काया काब्र व्हयनात व?" मी काही बोलायच्या आत तिने डोळा मिचकावला आणि कमरेची डबी काढून तिथेच मला मिसरीची चिमूट देऊ केली. "लाजू नको. आम्ही बी लावतस." बघता बघता तीन म्हाताऱ्या माझ्या बाजूने झाल्या. शिकलेली, शाळेत शिकवणारी सून मिसरी लावते म्हणजे मिसरीत दम आहे, असा त्यांचा निष्कर्ष. तंबाखूच्या दुष्परिणामांवर मी दरवर्षी निबंधस्पर्धा घेते. त्या दिवशी, फुलांचा मुकुट घालून, तोंडावर हात धरून, मी त्या तिघींना समजावत होते की हे लोह आहे, ही तंबाखू नाही, गरोदरपणी तर मिसरीला हातसुद्धा लावायचा नाही. त्या समजूतदारपणे मान हलवत होत्या. अल्बममध्ये माझे सगळे फोटो तोंड मिटलेले आहेत, एक सोडून. तो मोठा करून आप्पांनी दिवाणखान्यात लावला आहे. त्यांना चष्मा लागलेला नाही, असं ते म्हणतात.

दात त्यानंतर घासून स्वच्छ झाले, पण सिरप म्हटलं की मला झोपाळा दिसायला लागला, आणि मी तेही सोडलं. परिणाम लगेच दिसला, आणि नको तिथे दिसला. मला पाटीवरच्या पेन्सिली खाव्याशा वाटायला लागल्या. माती, खडू, पेन्सिल असं अखाद्य खाण्याची ओढ लागते ती पुष्कळदा लोह कमी असल्याची खूण असते, हे मला पुस्तकात माहीत होतं. पुस्तकात त्या पेन्सिलीची कुरकुर ऐकू येत नाही. मुलांकडून जप्त केलेला डबाभर साठा माझ्या कपाटात होता आणि सुट्टीत मी तो घरी आणला होता. खडूसुद्धा मी वेगळ्या नजरेने बघायला लागले.

त्या अवस्थेत मला पकडलं ते आठवीतल्या त्याच मुलीने. ती आमच्याच गल्लीतली, डोहाळजेवणाच्या पुरणपोळ्यांचा रिकामा डबा परत द्यायला आली होती. मी ओटीवर बसून पेन्सिल खात होते. ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "म्याडम, गोळी घेत नाही का तुम्ही?"

मी म्हटलं, "सोसत नाही गं."

"मला पण नाही सोसायची. मी ती गालात धरायची. तुम्ही पाठमोऱ्या झाल्या की कागदात गुंडाळायची."

मी पेन्सिल खाली ठेवली. माझ्या सोमवारांचा शंभर टक्के अहवाल दर महिन्याला वर जात होता.

"मग फेकून द्यायचीस?"

"नाही. रात्री घ्यायची, घरी. जेवल्यावर थोड्या वेळाने, लिंबूपाणी घेऊन. आणि झोपून जायचं. मळमळ झाली तरी झोपेत कळत नाही." जरा थांबून तिने बजावलं, "पण लगेच आडवं नाही व्हायचं म्याडम, अंगणात फेरी मारायची."

दोंडाईचा, न्यू जर्सी, चिलेटेड, सगळं करून झालं होतं. आठवीच्या पोरीचं ऐकायला काय हरकत, म्हणून त्याच रात्री घेतली. तीच आशाताईंची फुकटची लाल गोळी. कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणात गेलं. रात्री भाकरी, नंतर तासाभराने अर्ध्या लिंबाचं पाणी आणि गोळी, आणि अंगणात दोन फेऱ्या. चहा दिवसभर माझा झाला. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं, हे मी नववीला शिकवते, गुणांसकट. पहिल्या रात्री मळमळ आली आणि मी तिच्या आधी झोपले. लाल गोळी घेऊनही कडुनिंब पहिल्यांदा उपाशी राहिला.

नर्सताईंना मी हा शोध कौतुकाने सांगितला. त्यांनी माझं कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला, निळ्या शाईत, फेब्रुवारीची तारीख घालून त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत.

माहेरी अमळनेरला गेल्यावर जुलैच्या ९ तारखेला तपासणी झाली. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते, २०१६पासून. हिमोग्लोबिन ११च्या वर गेलं होतं. आई म्हणाली बीटाने, सासूबाई फोनवर म्हणाल्या कढईने, आणि हे म्हणाले चिलेटेडने. महिनाअखेर मुलगी झाली, वजनाला चांगली. दवाखान्यातून निघताना मी पिशवी आवरत होते. संपलं एकदाचं, असं म्हणून उरलेली पाकिटं शेजारच्या खाटेवरच्या बाईला द्यायला निघाले, तेवढ्यात सिस्टरने डिस्चार्जच्या कागदासोबत नवा गठ्ठा हातात ठेवला. बाळंतपणानंतरही रोज एक, पुढचे १८० दिवस.

२०१९-२१च्या त्याच राष्ट्रीय पाहणीचा आणखी एक आकडा आहे. गरोदरपणी गोळ्या पूर्ण १८० दिवस खाणाऱ्या बाया देशात २६ टक्के. बाकीच्यांनी गोळ्या कुठे ठेवल्या असतील, याचा मला अंदाज आहे. तुमच्याही उशीखाली, डब्यात किंवा कागदात गुंडाळून त्या असतील, तर नर्सताईंना किंवा डॉक्टरांना तसं सरळ सांगा. वेळ बदलून मिळते, गोळी बदलून मिळते, आणि रक्त फारच कमी असेल तर सलाइनमधूनही लोह देतात. न सोसणारी गोळी पाकिटात राहिली तर ती कुणाचंच रक्त वाढवत नाही. आणि पाकीट उंच फळीवर ठेवा. लाल आणि वरून गोड असल्यामुळे लहान पोरं ती चॉकलेट समजून खातात, आणि एवढं लोह त्यांच्या जिवावर बेतू शकतं. आमच्याकडची फळी आप्पांचाही हात पोहोचणार नाही इतकी उंच आहे.